म्हैसूरच्या पदवीची कमाई

नानलपेठ, परभणी
९ जानेवारी १९७७

प्रिय सत्यशीला,

जयभीम. तुला पाठवलेली मनिऑर्डर परत आली. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पोस्टमनने ती माझ्यापुढे धरली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. कळमनुरीत नवी खोली घेतली असशील, भांडीकुंडी लागतील, म्हणून शंभर रुपये पाठवले होते. तुझं मन वळवायला नव्हते. पण तू तसंच समजली असशील.

तू गेलीस त्या दिवशी मला बोलू दिलं नाहीस. माझ्या फायलीतले दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवलेस. एक पेडगावच्या रुख्मिणीच्या तपासणीचा आणि दुसरा तिच्या आईला विकलेल्या कानाच्या डबीच्या, म्हणजे ऐकायच्या यंत्राच्या, पावतीचा. "ही दोन्ही अक्षरं तुमचीच ना?" असं विचारलंस, वर्गात पोराची कॉपी पकडावी तसं. मी हो म्हणालो. तू लगेच बदलीचा अर्ज केलास आणि तो पंधरा दिवसांत मंजूर झाला. कळमनुरीला स्वतःहून कोण जातं? म्हणून झाला.

रुख्मिणी नोव्हेंबरात रेल्वेखाली गेली. ते मी नाकारत नाही. पण रेल्वे मी चालवत नव्हतो, सत्यशीला. मी तिथं नव्हतोही. त्या दिवशी मी मानवतला एका म्हाताऱ्याचे कान तपासत होतो.

मला कमाईबद्दल लिहायचं आहे. त्यावर आपण कधीच नीट बोललो नाही, कारण मला लाज वाटायची आणि तुला मला लाजवायचं नव्हतं. पाच वर्षं मी म्हैसूरला शिकलो. आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी. वाचा आणि श्रवण या विषयात एम.एस्सी. झालेला या जिल्ह्यात मी एकटा आहे. सरकारी शिष्यवृत्ती कधी सहा महिन्यांनी यायची, कधी आठ. मेसचे पैसे भरले ते झरीच्या शाळेतून येणाऱ्या तुझ्या साठ रुपयांनी. तेव्हा तुझा पगारच किती होता! माझ्या वर्गातले अकरापैकी सात जण अमेरिकेत गेले. मी परभणीला आलो, कारण येईन असं तुला म्हणालो होतो, आणि इथल्या बहिऱ्या लेकरांना कुणीच वाली नव्हता म्हणूनही. हे दुसरं कारण खरं होतं. आज तुला ते खोटं वाटत असेल तरी तेव्हा ते खरं होतं.

सरकारी दवाखान्यात गेलो तर बाबू म्हणाला, असं पद मंजूर नाही. मग त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही कानातला मळ काढता का?" मी खोली भाड्यानं घेतली. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून आईनं शिवलेल्या पाच वाकळा चारी भिंतींना टांगल्या. पहिल्या महिन्याची मिळकत बावीस रुपये. लोक यायचे, सुई मागायचे. सुई नाही, गोळी नाही, बाटली नाही, हा कसला डॉक्टर? तो तोतरा मुलगा आठवतो तुला? गंगाखेडचा. आठ वेळा आला, आठव्या खेपेला स्वतःचं नाव न अडखळता बोलला. त्याचा बाप पैसे देताना म्हणाला, "नुसतं बोलायचे पैसे घेता का साहेब? बोलतं तर ते लेकरूच हाय." आणि दोन रुपये ठेवून गेला.

तीन महिने तुझ्या पगारावर घर चाललं. तू एकदाही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

मग मन्मथअप्पा भेटले. स्टेशन रोडवरचं त्यांचं रेडिओचं दुकान तुला ठाऊक आहे, ते माणूस म्हणून कसे आहेत तेही ठाऊक आहे. त्यांनी स्वतःच्या पैशानं कान तपासायचं यंत्र आणलं, मागची खोली दिली आणि दुकानावरच्या पाटीवर स्वतःच्या नावाच्या वर माझं नाव लिहवून घेतलं. पी. डी. खिल्लारे, एम.एस्सी. (म्हैसूर). या बाजारात आपल्या वस्तीतल्या माणसाचं नाव व्यापाऱ्याच्या नावाच्या वर कुणी लिहिलं होतं का? आई ती पाटी बघायला आली होती. वाचता येत नाही, म्हणून यातलं तुझं कोणतं ते विचारत उभी राहिली.

बदल्यात त्यांनी काय मागितलं? कानाच्या डब्या विकायच्या. प्रत्येक डबीमागं मला पंचावन्न रुपये. दिवाळीच्या आधी एका महिन्यात अकरा डब्या गेल्या. तुझ्यापेक्षा जास्त पैसे मी पहिल्यांदाच घरी आणले. त्यातून तुझ्यासाठी घेतलेलं हातातलं घड्याळ तू इथंच ठेवून गेलीस.

हे सगळं वाचून मग काय ते ठरव. उत्तर पाठव.

तुझा
पंडित


परभणी
२ फेब्रुवारी १९७७

प्रिय सत्यशीला,

एवढ्या लांब पत्राला तुझं कार्ड आलं, एका ओळीचं. "सरजाबाईंना भेटलात का?"

सरजाबाईंना म्हणजे रुख्मिणीच्या आईला. नाही, मी पेडगावला गेलो नाही. जाऊन काय करू? मेलेल्या लेकराच्या आईला काय सांगायचं असतं ते म्हैसूरला शिकवत नाहीत.

पण कागदाबद्दल तुला सांगायला हवं. तू पावती पाहिलीस. त्या दिवशी काय झालं ते तू पाहिलं नाहीस.

सप्टेंबरचे दिवस होते. मन्मथअप्पांच्या दुकानाची जीप घेऊन आम्ही पेडगावला गेलो. शाळेत तपासणी ठेवली होती. जीपवर 'शिबिर' असा कापडी फलक लावला होता. तो फलकच नडला. शिबिर म्हटलं की त्या दिवसांत लोकांना एकच शिबिर ठाऊक होतं. तुलासुद्धा शाळेतून नसबंदीच्या केसा आणायला सांगितलं होतं, तेव्हा मी तुला नवं काही सांगत नाही. जीप वेशीत शिरली आणि गावातली बाप्ये मंडळी ज्वारीत पळाली. धोतर सावरत पळणारी म्हातारी माणसं मी बघितली. उरल्या बायका. त्याही दारातूनच बघत होत्या.

सगळ्यांत आधी पुढं आली ती सरजाबाई. विधवा बाईला कशाची भीती? पकडून न्यायला तिला नवराच नव्हता. "जयभीम, सायब," म्हणाली. मी आपल्यातला आहे हे तिला आधीच कळलं होतं. सात वर्षांची रुख्मिणी तिच्या पदराला धरून होती. जन्मापासून बहिरी. अंगात मोठा फ्रॉक, दोन्ही वेण्यांना दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी.

मी तिच्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की हात वर करायचा, हे खुणांनी शिकवलं. पोरगी हुशार होती. मी बटण दाबलं, तिनं हात वर केला. पुन्हा दाबलं, पुन्हा केला. सरजाबाई शाळेच्या पायरीवरून ओरडली, "ऐकू यायलंय की! ऐका गं, माझ्या लेकराला ऐकू यायलंय!" बायका गोळा झाल्या.

तिला ऐकू येत नव्हतं. ती माझ्या खांद्याकडे बघत होती. बटण दाबताना माझा खांदा जरासा हलतो, तो तिनं दुसऱ्याच खेपेला हेरला होता. मी तिला पाठमोरी बसवली. मग हात वर झाला नाही. यंत्रातला मोठ्यात मोठा आवाज दिला, दोन्ही कानांना, सगळ्या पट्ट्यांत. ती शांत बसून फळ्याकडे बघत होती. जे दिसलं ते मी कागदावर प्रामाणिकपणे लिहिलं. कुठेच प्रतिसाद नाही. तोच कागद तू पाहिलास.

अशा कानाला डबीचा उपयोग नसतो. ते मला बटणावरचं बोट काढायच्या आधीच कळलं होतं.

पण पायरीवर वीस-पंचवीस बायका उभ्या होत्या. कुणाची सासू, कुणाचा बाप, कुणाचं लेकरू. पहिल्याच बाईला नाही म्हटलं असतं तर बाकीच्या घरी गेल्या असत्या. त्या महिन्यात तोवर दोनच डब्या गेल्या होत्या. मी सरजाबाईला म्हणालो, डबी लावून बघू, हळूहळू फरक पडतो.

तिनं दोन शेळ्या आणि दंडातले चांदीचे येळे विकून आठ दिवसांत पैसे आणले. डबी रुख्मिणीच्या छातीवर कापडी पिशवीत बांधली, वायर कानात घातली. सरजाबाईनं एकच विचारलं. ती हमीच्या कामावर खडी फोडायला जाते, वाट रुळावरून आहे. "मी हिचा हात धरूनच नेते सायब. पण डोक्यावर पाटी आसली की हात सुटतोय. आता गाडीची शिट्टी ऐकू येईल न्हवं हिला?"

मी म्हणालो, येईल.

हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. नोव्हेंबरात एका सकाळी मनमाडकडून येणारी गाडी आली तेव्हा सरजाबाईच्या डोक्यावर पाटी होती आणि पोरगी दहा पावलं मागं होती. सरजाबाईनं शिट्टी ऐकली, पुढं झाली, आणि पोरीनंही ऐकली असेल असं समजून चालली.

याहून जास्त माझ्याकडे सांगायला काही नाही.

पंडित


परभणी
१ मार्च १९७७

सत्यशीला,

मागच्या पत्रात शेवटची ओळ खोटी लिहिली.

तू विचारलं होतंस, भेटलात का. मी पेडगावला गेलो नाही हे खरं. पण सरजाबाई इथं आली होती. डिसेंबरच्या सात तारखेला, दुकानात, भर बाजाराच्या वेळी. तू तेव्हा झरीहून यायची होतीस. तू घरी आलीस तेव्हा मी तुला म्हणालो की डोकं दुखतंय.

ती ओरडत आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती गिऱ्हाइकांच्या मागं उभी राहिली, तिचा नंबर येईपर्यंत. मग मागच्या खोलीत येऊन खाली बसली. मी खुर्ची दाखवली तरी खालीच बसली. पदरातून डबी काढली. एका बाजूनं चेपली होती. तिनं विचारलं, "सायब, यातला शेल बगा की जरा. संपला व्हता का?"

मी डबी उघडली. सेल पार उतरलेला होता. दहा-बारा दिवस चालणारा सेल, तिनं महिनाभर चालवला होता.

"संपलाय," मी म्हणालो.

"सव्वा रुपया पडतोय एकाला," ती म्हणाली. "बाजाराच्या दिवशी घेऊ म्हणलं. त्या आठवड्यात हजेरीचा पैसा मिळाला न्हाई. मंग पुढच्या बाजाराला घेऊ म्हणलं." तिनं डबी परत हातात घेतली. "म्हून तिला शिट्टी ऐकू आली न्हाई का सायब? माझ्यामुळं झालं का?"

सत्यशीला, त्या वेळी खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लोटलेलं होतं. मला काहीही बोलता आलं असतं.

मी म्हणालो, "सेल वेळेवर बदलायला हवा होता."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडचे शब्द. ती "व्हय" म्हणाली, डबी पदरात बांधली आणि उठली. जाताना जयभीम घातला.

ती गेल्यावर पुढचा पेशंट आत आला आणि मी त्याचे कान तपासले. नीट तपासले. कागदावर बरोबर आकडे लिहिले.

त्यानंतर काही दिवसांनी तू ते दोन कागद काढलेस. तू मला पकडलंस ते डबीच्या विक्रीवरून, आणि मला आतून सुटल्यासारखं वाटलं, की हिला एवढंच कळलंय. तू घर सोडून चाललीस तेव्हासुद्धा माझ्या मनात हेच होतं.

आज हे का लिहितो ते सांगतो. गेल्या आठवड्यात पेडगावचे दत्तराव आले होते. त्याच शिबिरात डबी घेतलेले सत्तरीतले गृहस्थ. त्यांना डबीनं खरंच ऐकू येतं. नवीन ऐकू यायला लागलेली माणसं सगळ्या गोष्टी मोठमोठ्यानं सांगतात, तसं त्यांनी भर दुकानात सांगितलं. सरजाबाईला तिच्या दिरानं, सूर्यभाननं, घराबाहेर काढलं. सव्वा रुपयाच्या सेलासाठी पोर घालवली म्हणतात. वस्तीतल्या बाया तिच्याशी बोलत नाहीत. ती खडीच्या ढिगाजवळ पाल ठोकून एकटी राहते. "तिनं सोताच सांगितलं की सगळ्यांना," दत्तराव म्हणाले, "सायबानंच सांगितलं म्हणं, शेल बदलायला पायजे व्हता."

मी काय सांगितलं ते आता गावात माझ्या नावानं सांगितलं जातंय. आपल्यातला एवढा शिकलेला माणूस खोटं कशाला सांगेल?

पंडित


परभणी
१२ मार्च १९७७

सत्यशीला,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाच ओळी होत्या. "एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुम्ही जाऊन त्या बाईला आणि तिच्या लोकांना खरं सांगितलं नाही, तर सुट्टी काढून मी जाईन. मला पेडगाव ठाऊक आहे." तू जाशील, यात मला शंका नाही.

तू जाऊ नकोस. मी जाईन.

हे लिहून तीन दिवस झाले, पत्र तसंच टेबलावर होतं. मी गेलो नाही. बाहेर इलेक्शनच्या जीपा फिरतायत, कर्ण्यांचे आवाज खोलीत येतात, तपासणी करता येत नाही. काम नाही म्हणून बसून राहतो, आणि काम नसूनही पेडगावला जात नाही.

मन्मथअप्पांना मी सगळं सांगितलं. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चहा मागवला आणि गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याशी चाळा करत बसले.

"सर," ते म्हणाले, "मला त्या कागदातलं काय कळतं? तुम्ही डबी लिहून दिली, मी विकली. नको म्हणून लिहिलं असतं तर मी विकली नसती. मी तुम्हाला कधी म्हणालो का, की लावाच म्हणून?"

नव्हते म्हणाले. एकदाही नाही. हे खरं आहे आणि मला ते विसरायचं होतं.

"आता तुम्ही गावात जाऊन सांगणार की डबी खोटी होती," ते पुढे म्हणाले. "लोक एक डबी खोटी म्हणतील का? सगळ्याच खोट्या म्हणतील. ज्या म्हाताऱ्यांना ऐकू येतंय त्यांच्या कानातून त्यांची पोरं डब्या ओढून आणतील माझ्याकडं. ते म्हातारे पुन्हा बहिरे होतील सर. त्याचा विचार केला का?"

मी केला होता. त्रेचाळीस डब्या विकल्या, त्यातल्या तीसेक तरी योग्य कानात आहेत. उरलेल्या बारा-तेरा? त्या सगळ्या लेकरांच्या आहेत. रुख्मिणी एकटी नव्हती. हेही तुला ठाऊक नव्हतं.

मन्मथअप्पा उठताना म्हणाले, "तुम्ही जाल तर मी अडवणार नाही. पण मग पाटीवर तुमचं नाव ठेवता येणार नाही. मला पोरंबाळं आहेत." आणि शटर वर केलं.

आता मी दुसरं काय करू? माझ्या पदवीला परभणीत हीच एक खोली होती. मुंबईला जागा निघतात, पण तिथं अर्ज केला तर तुझी नोकरी, आई... असो. ही कारणं मी तुला का सांगतोय ते मलाच कळत नाही. सरजाबाई पालात राहते आणि मी माझ्या कमाईचा हिशोब मांडतोय.

पंडित


परभणी
११ एप्रिल १९७७

प्रिय सत्यशीला,

मी जाऊन आलो. तीन तारखेला, रविवारी.

आधी पुढचं सांगतो, म्हणजे तुला कुणाकडून तरी अर्धवट कळायला नको. पाटीवरून माझं नाव गेलं. मन्मथअप्पांनी स्वतः माणूस बोलावला, माझ्या नावावर रंग मारला आणि मला न रागावता हिशोब दिला. आठ दिवसांत अकरा डब्या परत आल्या. लेकरांच्या पाच. त्या परत आल्या याचं मला बरं वाटलं. पण त्यांत दत्तरावांचीही होती. त्यांच्या मुलानं ती दुकानात आपटली. दत्तराव मागून आले, कानामागं हाताचा पंजा धरून मला काहीतरी विचारत राहिले. मी ओरडून उत्तर दिलं, त्यांना कळलं नाही. मुलगा त्यांना धरून घेऊन गेला. मी मुलाच्या मागं स्टँडपर्यंत गेलो, तुझ्या बापाची डबी खरी आहे असं सांगत. तो म्हणाला, "पेडगावात येऊन तुमीच सांगितलं न्हवं, खोटं बोललो म्हणून? मग आता कोणतं खरं धरू?"

मी पोखर्णीच्या रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून म्हणून लागलो आहे. रोजचे सहा रुपये. अर्जात एम.एस्सी. लिहिलं नाही, मॅट्रिक लिहिलं. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता त्या रविवारचं.

सरजाबाईला मी आधी पालावर जाऊन भेटलो. तिला म्हणालो, मला वस्तीतल्या सगळ्यांपुढं काही सांगायचं आहे, तुम्ही पण या. ती काही न विचारता मागून आली. समाजमंदिरापुढं सूर्यभान आणि दहा-पंधरा माणसं बसली होती, बायका भिंतीला टेकून होत्या. मला बघून सगळे उठले. त्यांनी सतरंजी झटकली, पाणी दिलं. मी उभाच राहिलो.

तपासणीचा कागद मी नेला होता. त्याचा काय उपयोग, तो माझ्याशिवाय कुणाला वाचता येतो? घडी तशीच हातात राहिली. मी म्हणालो की रुख्मिणीला डबीनं ऐकू येणार नव्हतं. सेल नवा असता तरी नाही. कधीच नाही. हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं आणि तरी मी डबी विकली, कारण मला पैसे मिळत होते. सरजाबाई दुकानात आल्या तेव्हाही मी खोटं बोललो. त्यांची काही चूक नाही.

मग सूर्यभाननं विचारलं, "तुमाला किती मिळाले त्यातले?"

"पंचावन्न."

"पंचावन्न," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मारेल असं मला वाटलं होतं, मारावं असंही वाटलं. त्यानं पाण्याचा तांब्या उचलून बाजूला ठेवला, एवढंच. भिंतीजवळची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "आपल्यातलाच हाय." शिवी दिली असती तर मी सोसली असती.

सूर्यभान उठून सरजाबाईपुढं गेला. "वैनी, आमचं चुकलं. चला घरी." त्यानं वाकून तिच्या पायांना हात लावला. बायकाही पुढं झाल्या. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं. बाईच्या डोक्यावरचा आळ गेला. मी तुला खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला माझं बरंही वाटलं.

सरजाबाई दिराकडं बघतच नव्हती. तिनं मला विचारलं, "म्हंजे तिला कायच ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"शेल नवा व्हता तवा बी?"

"तेव्हाही नाही."

ती खाली बसली. मग हळूहळू बोलायला लागली, माझ्याशी नव्हे, कुणाशीच नव्हे. आधी ती रुख्मिणीशी कधी बोलत नव्हती. बहिऱ्या लेकराशी काय बोलायचं, हातानं ओढायचं आणि खुणावायचं. डबी आली आणि ती बोलायला लागली. कामावर जाताना, येताना, भाकरी करताना. "तिच्या बापाचं सांगितलं," ती म्हणाली. "त्यो कसा दिसायचा, कसा हसायचा. मी ल्हान असताना आमची माय मला कसं न्हाऊ घालायची ते सांगितलं. माझ्या मनातलं सगळं सांगितलं. कुणालाच कवा सांगितलं नव्हतं. दोन महिने बोलत व्हते मी. ती तोंडाकडं बघायची आन् मान हालवायची."

मी हातातल्या कागदाची आणखी एक घडी घातली.

"मला वाटायचं, पोरगी गेली पर जाताना सगळं ऐकून गेली," सरजाबाई म्हणाली. "शेलाचं पाप माझ्या डोक्यावर ऱ्हाऊ दिलं आसतं तर चाललं आसतं, सायब. मी फेडलं आसतं. हे कामून काढून घेतलंत?"

ती उठली आणि पालाच्या दिशेनं चालायला लागली. सूर्यभान तिच्या मागं वेशीपर्यंत गेला, वैनी, वैनी म्हणत. ती थांबली नाही.

मी केलं ते बरोबर केलं का, ते मला कळत नाही. तुला कळत असेल तर लिही. परत ये असं मी लिहिणार नाही.

पंडित